इंदूरची सुट्टी: पोट, पाय आणि झोप सांभाळून पाच दिवस कसे काढावेत

इंदूरला आलेला पाहुणा तिसऱ्या दिवशी आडवा होतो, हे इथल्या मराठी घरांना पाठ झालेलं आहे. सुदामा नगर असो, रामबाग असो की लोकमान्य नगर, मुगाची खिचडी टाकायची वेळ येणारच हे गृहीत धरलेलं असतं. मग सगळा दोष सराफ्यावर, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारावर जातो. सराफ्याचा दोष आहेच, पण थोडा. जास्त दोष असतो तो आखणीचा. रात्रभराचा प्रवास, उतरल्या उतरल्या पोहे-जलेबी, दुपारी उज्जैन, रात्री अकराला सराफा आणि पहाटे भस्मारती (उज्जैनच्या महाकालाची पहाटेची आरती) असा बेत केला, तर घरची भाजी-भाकरी खाऊनही माणूस आजारी पडेल.

म्हणून या लेखात काय खावं याच्या यादीपेक्षा कशानंतर काय करावं यावर भर आहे. इंदूरमध्ये मुक्काम, एक दिवस मांडू किंवा ओंकारेश्वर आणि शेवटी उज्जैन, असा पाच दिवसांचा बेत धरला आहे.

## टप्पा १: निघण्याआधीचे दोन आठवडे

पाय तयार करा. रोज ऑफिसच्या खुर्चीत बसणारा माणूस मांडूला गेला की एका दिवसात सात-आठ किलोमीटर चालतो, त्यातही बरंचसं दगडी पायऱ्यांवर. दुसऱ्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात. जिने उतरताना स्नायूंवर जो ताण येतो, त्याची सवय सपाट रस्त्यावर चालून होत नाही. म्हणून पहिला आठवडा रोज २० ते २५ मिनिटं चाला. दुसऱ्या आठवड्यात ४० मिनिटं चाला आणि एक दिवसाआड चार मजले चढा-उतरा. उतरणं महत्त्वाचं आहे, त्यामुळे परतताना लिफ्ट घेऊ नका. गुडघे आधीच दुखत असतील तर जिने सोडून द्या, नुसतं चाला.

बूट आधी वापरा. सुट्टीसाठी घेतलेले नवे बूट सुट्टीतच पहिल्यांदा घालणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. किमान दहा दिवस घराच्या आसपास घाला. मोजे नुसते सुती नकोत, घामाने ओले होऊन ते टाचेवर घासतात आणि फोड येतो. थोडं सिंथेटिक मिसळलेले मोजे बरे. एक जुनी, जाड मोज्यांची जोडी वेगळी ठेवा. तिचा उपयोग टप्पा ६ मध्ये आहे.

औषधांची पिशवी. चौघांसाठी एवढं पुरतं:

- ओआरएसची एक लिटरची पाकिटं ८
- पॅरासिटामॉलच्या गोळ्यांची एक पट्टी, ॲसिडिटीची नेहमीची गोळी किंवा पातळ औषध
- थर्मामीटर, कापूस, जंतुनाशक मलम, चिकटपट्ट्या १०, कागदी टेपचा एक रोल
- गाडी लागत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी
- डास पळवणारं क्रीम, विशेषतः पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत
- रोजच्या गोळ्या प्रवासाचे दिवस अधिक तीन जास्तीचे दिवस, मूळ पट्टीसकट

पट्टीतून काढून डबीत भरलेल्या गोळ्या नावाने ओळखता येत नाहीत, आणि परगावच्या डॉक्टरला नेमकं तेच नाव हवं असतं. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उन्हाळ्यात निघण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या. स्वतःहून बंद करू नका.

इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी: वापरात असलेलं पेन साधारणपणे ३० अंशांखाली चार आठवडे टिकतं (पाकिटातला कागद वाचा, प्रकारानुसार फरक असतो). पण एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ते तासाभरात वाया जातं. थंड पिशवीत ठेवा, मात्र बर्फाला थेट टेकू देऊ नका. गोठलेलं इन्शुलिनही टाकूनच द्यावं लागतं.

> तपासणी: औषधं हातातल्या पिशवीत आहेत ना? सीटखाली ढकललेल्या बॅगेत नकोत.

## टप्पा २: दिवसांचा क्रम लावा

बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण हा टप्पा वाचा. नियम दोनच आहेत. सराफ्याच्या रात्रीनंतरच्या सकाळी गजर नको. आणि सगळ्यांत जास्त चालण्याचा दिवस सुरुवातीला हवा, कारण तेव्हा पाय ताजे असतात आणि पोट अजून ठिकाणावर असतं.

पहिला दिवस: पोचणं, आंघोळ, हलकं जेवण, दुपारी तासभर झोप, संध्याकाळी छप्पन दुकान या खाऊगल्लीला चक्कर. बाहेरगावी जाणं नाही.

दुसरा दिवस: मांडू किंवा ओंकारेश्वर, दोन्हींपैकी एकच. मांडू सुमारे १०० किलोमीटर, ओंकारेश्वर सुमारे ८०. परत आल्यावर घरचं किंवा साधं जेवण आणि दहाला अंथरूण.

तिसरा दिवस: सकाळी शहरात पायी फेरी, दुपारी झोप, रात्री सराफा. हा दिवस शनिवारी-रविवारी येणार नाही असं बघा. गर्दीत चेंगरत उभं राहून खाताना माणूस पटापट खातो आणि जास्त खातो.

चौथा दिवस: उशिरा उठणं, सकाळी फक्त ताक किंवा फळ, दुपारी उज्जैन. अंतर साधारण ५५ किलोमीटर. संध्याकाळी सातच्या आत जेवण आणि आठला झोप.

पाचवा दिवस: भस्मारती, न्याहारी, दीड-दोन तास झोप आणि मग परतीचा रस्ता. मुंबईकरांना अवंतिका एक्स्प्रेस उज्जैनलाच मिळते, त्यामुळे पुन्हा इंदूरला यायची गरज नाही.

आता क्रम कुठे मोडतो ते पाहा. भस्मारती पहाटे चारची, पण रांगेत त्याच्या कितीतरी आधी उभं राहावं लागतं. इंदूरहून निघायचं म्हणजे रात्री बारा-एकला उठणं. मग पाहुणे म्हणतात, "झोपायचंच कशाला, सराफ्यातून थेट जाऊ." भरलेलं पोट, शून्य झोप, रांगेत तीन तास उभं राहणं आणि परतीला तोच न झोपलेला माणूस गाडी चालवणार. पोट बिघडलं तर निस्तरता येतं, चाकामागे डुलकी लागली तर नाही. आरती करायची असेल तर आदली रात्र उज्जैनमध्येच काढा. तसं जमत नसेल, तर आरतीचा हट्ट सोडा आणि दिवसा दर्शन घ्या.

> सावधान: मांडू आणि ओंकारेश्वर एकाच दिवसात "करून टाकू" असं कोणी म्हणालं, तर त्याचा अर्थ आठ-नऊ तास गाडीत आणि दोन्हीकडे अर्धवट. नकार द्या.

## टप्पा ३: येतानाचा प्रवास

रात्रभर गाडीत किंवा बसमध्ये गुडघे मोडून बसल्यावर पायात रक्त साचतं. चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासात गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. स्थूलपणा, गर्भारपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भनिरोधक गोळ्या असतील तर जास्त. उपाय साधा आहे: दर दीड-दोन तासांनी उठा. उठता येत नसेल तर बसल्या जागी टाचा टेकवून चवडे उचला, मग चवडे टेकवून टाचा उचला, २० वेळा. पोटरीचा स्नायू आवळला की रक्त वर ढकललं जातं. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी न पिणं ही बायकांची जुनी सवय. तिचा परिणाम दुसऱ्या दिवशी डोकेदुखी आणि मूत्रमार्गाची जळजळ असा दिसतो.

स्वतःची गाडी घेऊन धुळे-सेंधव्यावरून येणाऱ्यांनी बिजासन घाटाआधी पोटभर जेवू नये. गाडी लागणाऱ्याला पुढच्या सीटवर बसवा, मोबाइल काढून घ्या आणि गोळी घाटाच्या अर्धा ते एक तास आधी द्या. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी बहुतेक वेळा गोळीसकट बाहेर येते. ओंकारेश्वरच्या वाटेवर सिमरोलनंतर भेरूघाट लागतो, तिथेही हेच.

## टप्पा ४: सकाळचे पहिले दोन तास

इंदूरची सकाळ पोह्यांपासून सुरू होते. ती अर्ध्या तासाने पुढे ढकला. उठल्यावर दोन पेले पाणी, मग ३० मिनिटं चालणं आणि त्यानंतर पोहे. चालण्याला रेसिडेन्सीचा झाडांचा परिसर, मेघदूत उद्यान किंवा लालबागेचा परिसर चांगला. ज्यांना चढ हवा त्यांनी एक सकाळ राळामंडळच्या टेकडीला द्यावी. शहराच्या दक्षिणेला आहे आणि माथ्यावर जुनी शिकारगाह आहे. प्रवेशाची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या.

बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग पुरे. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायामाची आहे. रोज सकाळी अर्धा तास चाललात तर पाच दिवसांत ती भरते. दहा हजार पावलांच्या आकड्यामागे लागून रात्री हॉटेलच्या व्हरांड्यात येरझारा घालण्याची गरज नाही.

पाऊस असेल तर खोलीतच दहा मिनिटं: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं १२ वेळा, भिंतीला हात लावून दंड १० वेळा, टाचा उचलणं १५ वेळा. हे तीनदा करा.

आता पोहे. इथले पोहे आपल्यासारखे कढईत परतत राहत नाहीत, उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून वाफेवर गरम राखतात. तेल कमी आणि बडीशेपेचा वास. म्हणजे न्याहारी म्हणून पदार्थ चांगलाच आहे. बिघाड होतो तो वरून: दोन मुठी शेव, चमचाभर जिरावण (वरून भुरभुरायचा मसाला) आणि पाठोपाठ चार जलेब्या. शेवेत आणि जिरावणात मीठ भरपूर असतं. रक्तदाब असेल तर "सेव कम, जिरावन अलग से" एवढं सांगा, कोणी वाईट वाटून घेत नाही. जलेबी दोघांत १०० ग्रॅम. मधुमेह असेल तर जलेबी पोह्यांच्या आधी नको, नंतर एखादी, आणि खाऊन झाल्यावर १० ते १५ मिनिटं चाला. जेवणानंतरचं चालणं साखरेची उसळी कमी करतं, कारण काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात.

> तपासणी: दुकानात पोह्यांच्या भांड्यातून वाफ येते आहे का? झाकण बाजूला, वाफ गेलेली आणि वर कालचीच शेव असेल तर पुढच्या दुकानात जा. इंदुरात पुढचं दुकान कधीच लांब नसतं.

## टप्पा ५: सराफा

दिवसा सोन्या-चांदीची पेढी, रात्री तिच्याच पायरीवर खाण्याचा ठेला. साडेआठ-नऊनंतर बाजार बदलायला लागतो. पाहुणे मात्र अकराला येतात, कारण "खरी रौनक तेव्हाच." रौनक असते हे खरं, पण तुम्हाला झोपायचंही असतं. नऊला पोचा, साडेदहाला निघा. झोप आणि शेवटचा घास यांत दोन-तीन तासांचं अंतर राहायला हवं. आडवं झालं की भरल्या पोटातलं आम्ल घशाशी येतं, आणि त्या रात्री रबडी, लिंबू, तिखट, तेल सगळं एकत्र असतं.

५.१ उपाशी जाऊ नका. दिवसभर पोट रिकामं ठेवून सराफ्यात जाणं ही हमखास केली जाणारी चूक. उपाशी माणूस पहिल्या दोन ठेल्यांवरच संपतो. संध्याकाळी सहाला एक वाटी दही-भात, काकडी किंवा मूठभर शेंगदाणे-फुटाणे खा.

५.२ आधी फिरा, मग खा. राजवाड्याकडून आत शिरलात की गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या. काही घेऊ नका. दहा मिनिटांत कळतं की कुठे माल खपतो आहे. ज्या ठेल्यावर गर्दी आहे तिथला पदार्थ ताटात पडून राहत नाही, हे गर्दीचं खरं कारण बघायचं, प्रसिद्धी नव्हे.

५.३ ठेला कसा वाचावा. चार गोष्टी बघा. तेल: कडेला काळपट फेस आणि डोळ्यांना झोंबणारा धूर असेल तर नको. चटणी: उघड्या पातेल्यात आणि तोच डाव सगळ्यांच्या ताटलीला लागतो आहे का? हात: पैसे घेणारा आणि पदार्थ देणारा एकच माणूस आहे का? ताटल्या: एकाच बादलीत बुचकळून पुन्हा वापरतात की पानाच्या, कागदाच्या आहेत? चारांतल्या दोन गोष्टी खटकल्या तर पुढे जा.

पानी पताशे, म्हणजे आपली पाणीपुरी, ही सगळ्यांत अवघड बाब. पुरी तळलेली, बटाटा उकडलेला, पण पाणी कच्चं, आणि त्यात हात सतत बुडतो. बाटलीबंद किंवा फिल्टरचं पाणी वापरतो असं सांगणारा, हातमोजे घातलेला आणि डावाने पाणी ओतणारा ठेला असेल तरच. लहान मुलांना आणि गर्भार बायकांना हा पदार्थ टाळायला सांगणं मला कंजूषपणा वाटत नाही.

५.४ क्रम. गरम आणि तिखट-मिठाचं आधी, थंड आणि गोड शेवटी. चौघांचा बेत असा:

1. भुट्टे का कीस, दोन प्लेटा. किसलेलं मक्याचं कणीस दुधात शिजवलेलं असतं. तव्यावरून थेट घ्या, कोमट घेऊ नका.
2. हिवाळा असेल तर गराडू (एक कंद), एक प्लेट. तळून वर लिंबू आणि मसाला. कुरकुरीत असायला हवा. गिळगिळीत, अर्धकच्चा असेल तर घशाला खाज येते, परत करा.
3. खोपरा पॅटीस किंवा कचोरी, दोन. एकच प्रकार निवडा.
4. साबुदाण्याची खिचडी, एक प्लेट चौघांत. उपासाची म्हणून हलकी समजू नका, नुसता स्टार्च आणि शेव आहे.
5. दहा मिनिटं थांबा, पाणी प्या, राजवाड्यापर्यंत चालत जाऊन या.
6. गोड एकच: जलेबा, मालपुवा, मावाबाटी किंवा रबडी. जलेबा एवढा मोठा असतो की एकात चौघांचं भागतं.

हे सगळं मिळून एका माणसाचं रात्रीचं जेवण होतं. "घरी जाऊन थोडा भात" नंतर नको.

दहीवडा आणि शिकंजी यांबद्दल वेगळं सांगायला हवं. दहीवड्याचं दही थंड असायला हवं. कोमट, आंबूस वास आला तर सोडा. शिकंजी हे नाव ऐकून बाहेरचे लोक लिंबूपाणी समजतात आणि जड जेवणावर पचायला म्हणून मोठा पेला मागवतात. इंदूरची शिकंजी दुधाची, घट्ट आणि सुकामेव्याची असते, म्हणजे ते दुसरं गोडच झालं. अर्धा पेला दोघांत.

५.५ हात. सॅनिटायझर तेलकट हातावर नीट चालत नाही आणि उलट्या-जुलाबांच्या काही विषाणूंवर त्याचा फारसा उपयोगही होत नाही. छोटा कागदी साबण आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा, २० सेकंद हात चोळा. बर्फ आणि कापून ठेवलेली फळं मात्र सरळ वगळा. तिथे पारखण्यासारखं काही नसतंच.

> सावधान: साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांनी "आज जास्त खाणार" म्हणून डोस अंदाजाने वाढवू नये. चालणं जास्त आणि जेवण लांबलं की साखर उतरते. खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवा. घाम, थरथर, गरगर जाणवली की ती खा, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.

## टप्पा ६: मांडू, ओंकारेश्वर आणि ऊन

इंदूर माळव्याच्या पठारावर, साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. ओंकारेश्वर आणि महेश्वर नर्मदेच्या खोऱ्यात, निमाडात, बरेच खाली. त्यामुळे इंदुरात सकाळी वारा छान लागला म्हणून टोपी घरी ठेवाल, तर अकराच्या सुमाराला पश्चात्ताप होईल. मार्च ते जून सहाला निघा आणि साडेअकरापर्यंत चालण्याचं काम संपवा.

पाणी माणशी एक लिटर, उन्हाळ्यात दोन. एकदम अर्धी बाटली न पिता दर २० मिनिटांनी चार-पाच घोट घ्या. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर मागे पडला आहात. घाम खूप आला असेल तर नुसतं पाणी पीत राहू नका, सोबत मीठ घातलेलं ताक किंवा ओआरएस घ्या.

मांडू. सकाळी सगळ्यांत आधी रूपमती मंडप गाठा, कारण चढ आणि उघडी गच्ची तिथेच आहे. मग रेवाकुंड आणि बाजबहादूरचा महाल. ऊन चढल्यावर होशंगशहाची कबर आणि जामी मशीद, तिथे दगडाची सावली मिळते. जहाज महाल शेवटी. हौस असेल तर गावात सायकल भाड्याने घ्या. बाजारापासून रूपमती मंडप साधारण ५-६ किलोमीटर आहे. सायकल घेताना दोन्ही ब्रेक दाबून बघा. सीट इतकी वर हवी की पॅडल तळाला असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. खाली ठेवलेल्या सीटवर पाच किलोमीटर गेलात तर गुडघा रात्री बोलतो. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं. चपलेत जाऊ नका.

ओंकारेश्वर. मांधाता बेटाची परिक्रमा सुमारे सात किलोमीटरची आहे, चढ-उतार आणि पायऱ्यांची. तीन तास धरा. सकाळी दर्शनाआधी परिक्रमा करा, नंतर नको: रांगेत दोन तास उभे राहिलेले पाय चढ घेत नाहीत. हृदयविकार किंवा दमा असेल तर झुल्यापुलावरून घाटापर्यंतच जा आणि ममलेश्वरचं दर्शन घेऊन या.

इथे ती जाड मोज्यांची जोडी कामाला येते. चपला काढून तापलेल्या फरशीवर पन्नास पावलं चाललं तरी तळव्याला फोड येतात. मधुमेहाने तळव्याची संवेदना गेली असेल तर ते कळतही नाही. अशांनी रोज रात्री आरशात तळवे बघायचे. फोड आला तर फोडू नका. वर स्वच्छ पट्टी लावून कडेने कागदी टेप लावा. आणि टेप नुसता लाल डाग दिसतो तेव्हाच लावला, तर फोड येतच नाही.

नदीत उतरायचं ते फक्त साखळ्या लावलेल्या घाटावर. वर धरण आहे, पाणी सोडलं की पातळी वाढते. भोंगा वाजला की बाहेर या.

माकडांना हातातून काही देऊ नका. चावलं किंवा ओरखडलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा. हळद, चुना, तिखट काही लावू नका.

> सावधान: डोकं दुखणं, मळमळ, घेरी: सावलीत आडवं करा, पाय उंच, अंगावर ओला पंचा, घोट घोट ओआरएस. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. तोंडात पाणी ओतू नका, अंगावर पाणी मारत राहा आणि १०८ ला फोन करा.

## टप्पा ७: नातेवाइकांकडचं जेवण

दाल-बाफल्याचं आमंत्रण येणारच. बाफला आधी उकडून मग भाजतात आणि तुपात बुडवतात. दोन बाफले, डाळ, लाडू आणि वर आग्रह. एक बाफला, डाळ दोन वाट्या, चुरमा-लाडू अर्धा. हे जेवण रात्री ठेवू नका, दुपारीच ठेवायला सांगा. आग्रहाला तोंडी नकार कधीच पुरत नाही. ताटात एक बाफला शेवटपर्यंत थोडा शिल्लक ठेवा. रिकामं ताट दिसलं की मावशी वाढणारच. जेवणानंतर लगेच लोळू नका, कॉलनीत पंधरा मिनिटं चक्कर मारा. सोबत कोणी ना कोणी येतंच.

## टप्पा ८: पोट बिघडलंच तर

पहिले काम जुलाब थांबवणं नाही. गेलेलं पाणी आणि क्षार परत भरणं हे आहे.

1. पाकीट वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं एक लिटरचं पाकीट २०.५ ग्रॅमच्या आसपास असतं. २०० मिलिलिटरची छोटी पाकिटंही मिळतात. सर्वांत जास्त चूक इथेच होते: मोठं पाकीट "थोडं थोडं" करून पेल्यात टाकणं. घट्ट द्रावणाने जुलाब वाढतात, पातळ द्रावणाचा उपयोग होत नाही. पूर्ण पाकीट, मोजून एक लिटर उकळून गार केलेल्या किंवा सीलबंद पाण्यात. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.
2. मोठ्यांनी दर जुलाबानंतर २०० ते ४०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलांना १०० ते २००, दोन वर्षांखाली ५० ते १००.
3. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दर दोन मिनिटांनी एक चमचा.
4. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका.
5. जेवण बंद करू नका. मऊ भात, मुगाची खिचडी, केळं, ताजं ताक. तान्ह्याचं दूध चालूच.

खोक्यातली गोड पेयं, कोल्ड्रिंक आणि ऊर्जा पेयं ओआरएसच्या जागी चालत नाहीत. साखर जास्त, सोडियम कमी. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी ताप किंवा रक्त असताना घेऊ नये, मुलांना तर देऊच नये. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक पट्टीही नको. अंगदुखीला आयबुप्रोफेनसारखी गोळी टाळा. शरीरात पाणी कमी असताना ती मूत्रपिंडावर ताण देते.

डॉक्टरकडे ताबडतोब कधी: शौचात रक्त, १०१ अंशांवर ताप, आठ तास लघवी नाही (मुलांत सहा), पाणीही पोटात न टिकणं, ग्लानी, किंवा दोन दिवसांत उतार नाही. म्हातारी माणसं, गर्भार बाई आणि वर्षाखालचं मूल यांना वाट न बघता दाखवा.

## टप्पा ९: परतीची बॅग

शेव, जिरावण आणि कोरडे लाडू निर्धास्त न्या. मावाबाटी, रबडी आणि मावा घातलेलं काहीही बारा-चौदा तासांच्या प्रवासात न्यायचं नाही. शिजवलेलं दुधाचं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहिलं की त्यात जंतू वाढतात, आणि डब्यातला एसी म्हणजे फ्रीज नव्हे. गाडीतलं जेवण घरून घ्या: दशम्या, कोरडी बटाट्याची भाजी, केळी. दही-भात रात्री आठच्या आत संपवा. उज्जैनला चढताना पाण्याच्या दोन बाटल्या घ्या आणि झाकणाचं सील तुमच्या हाताने तुटलं पाहिजे.